डोक्यातलं पाणी आणि चंद्रीचं दूध

माझ्या डोक्यात भोक हाय. गावातली पोरं म्हणतात ते आधीपासनंच होतं. पण आता ते डॉक्टरांनी पाडलेलं हाय आणि त्याची फाईल पण हाय, त्यामुळं वाद घालायला जागा उरली न्हाई.

हे लिहायचं कारण असं, की डोक्यात पाणी तुंबायचा आजार बारक्या पोरांना होतो एवढंच आमाला ठाऊक होतं. माझ्यासारख्या दाढीमिशा फुटलेल्या गड्याला तो निघाला, आणि निघायला लई उशीर लागला, कारण ज्याला त्याला वाटलं मी नक्कल करतोय. तुमच्या घरात कुणाची चाल अशी बदलत असंल तर तुमचा तेवढा वेळ वाचावा. दवाखान्याची भाषा मला येत न्हाई. डॉक्टरांचा आवाज काढता येतो, पण ते वेगळं.

मी वेल्ह्याकडचा. तालुक्याचं नाव आता बदललंय, तरी एस.टी.त तिकीट काढताना तोंडातनं वेल्हंच येतं. घर तोरण्याच्या पायथ्याला, चार भातखाचरं, एक म्हैस. वेल्ह्याच्या बाजारात मंडप-स्पीकरवाल्याकडं मी कामाला. हळदीला, लग्नाला, कुस्त्यांच्या फडाला माईकवर बोलायचं, आणि लोकं कंटाळली की नकला करायच्या. तलाठी, कंडक्टर, आमच्या शाळेचे हेडमास्तर, मतं मागायला आलेला उमेदवार आणि मतं मिळाल्यावरचा तोच उमेदवार. हे सगळं माझ्या पोटापाण्याचं. पण पहिली कामाला आलेली नक्कल गोठ्यातली.

कुडामागं

आई तापानं गेली तेव्हा मी अकरावीत होतो. आमची म्हैस चंद्री नुकतीच व्यायली होती, आणि तिला आईशिवाय कुणाचा हात चालायचा न्हाई. आई धारेला बसली की तिच्याशी बोलायची. त्या बोलण्यावर चंद्री पान्हवायची. आई गेल्यावर तिनं दूध चोरलं, सड ओढले तरी धार सोडंना. आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, सगळं करून बघितलं. पेंड वाढवली, रेडकू आधी सोडलं. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून आईचं लुगडं अंगावर घेऊन बसले. आबांच्या मिशा या कानापासनं त्या कानापर्यंत. चंद्रीनं त्या लुगड्यातल्या बाईचा एकदा नीट वास घेतला आणि मान फिरवली.

दुखवट्याच्या घरात हसायचं नसतं, पण मला आवरंना. मी गोठ्याच्या कुडामागं, कारवीच्या भिंतीआड उभा होतो. हसू दाबताना तोंडातनं जे निघालं ते आईच्या आवाजात निघालं.

“चंद्रे, सोड गं माजे बाय. किती रुसशील?”

चरवीत धार वाजली. आबांचा हात थांबला, मग परत चालू झाला. त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई.

तेव्हापासनं ते घरातलं एक कामच होऊन बसलं. आबा धार काढायचे, मी कुडामागनं आईसारखं बोलायचो. आबांनी एकदाही तोंडानं “आवाज काढ” म्हणलं न्हाई. चरवी घेऊन दारात यायचे, खाकरायचे, की मी उठायचो. आईबद्दल आमी दोघं कधी एक शब्द बोललो न्हाई, पण सकाळ-संध्याकाळ ती गोठ्यात बोलायची. फोनमधी तिचा आवाज कुठंच न्हाई, तेव्हा घरात बटणाचा फोन होता. जो काय आवाज उरला होता तो माझ्या गळ्यात. वगारी मोठ्या झाल्या, विकल्या, चंद्री परत परत व्यायली, आणि माझ्या गळ्यातली आई काय म्हातारी झाली न्हाई.

शिमगा संपला तरी

पाय बिघडले ते शिमग्याच्या तोंडावर. भातलावणीला चिखलात पाय रुततो आन् उपसून काढावा लागतो, तसं मला कोरड्या डांबरी रस्त्यावर व्हायला लागलं. पाय भुई सोडायचे न्हाईत. फाकून, बारकी बारकी पावलं टाकत मी चालायचो, आणि मागं वळायचं म्हणलं की टेम्पो रिव्हर्स घ्यावा तसं जरा पुढं, जरा मागं.

आमच्याकडं शिमग्याला सोंगं काढतात. होळीपासनं रंगपंचमीपर्यंत कुणीही कुणाचंही सोंग घ्यावं, ज्याचं घेतलं त्यानं राग धरायचा न्हाई. दरसालची सोंगं माझी. त्यामुळं असा पाय घासत बाजारातनं निघालो, तर चहाच्या टपरीवर टाळ्याच पडल्या. कुणाची चाल हाय यावर पैजा लागल्या. एक म्हणला पोस्टमन, दुसरा म्हणला निवडणुकीत पडल्यावरचा अमका. मी म्हणलं, अरे बाबांनो, खरंच पाय चालंना झालेत. तर ते म्हणले, वा, रडका आवाज पण जमलाय.

खरं सांगायचं तर मला पण ते बरं वाटलं. पाय का चालत न्हाईत याचा विचार करण्यापेक्षा टाळ्या घेणं सोपं असतं.

मग शिमगा संपला आणि माझं सोंग काय उतरंना. आमच्या शेजारचे नाना, सत्तरीच्या पुढचे, तेही पाय घासतच चालतात. ते आबांकडं तक्रार घेऊन आले. म्हणले, “तुजं प्वार माजी चाल काडतंय. शिमग्यात काडली, म्या बी हासलो. आता चैत लागला. आता का काडतंय?”

आबा कडक माणूस. म्हाताऱ्या माणसाची टर उडवतो म्हणून मला चारचौघांत झापलं आणि नानांच्या पाया पडून ये म्हणून पाठवलं. मी नानांच्या उंबऱ्यात वाकलो आणि तोल जाऊन जो पालथा पडलो तो मला उठताच येईना. नानांना वाटलं मी लोटांगण घातलंय. त्यांचा राग तिथल्या तिथं विरघळला. मला दंडाला धरून उठवत म्हणले, “ऊठ, बाबा ऊठ. एवढं बी न्हवतं म्हणलं म्या.”

चंद्री हसली न्हाई

पायापाठोपाठ बाकीचं आलं. सकाळी डोकं जड, जसं कुणी भिजवलेलं पोतं ठेवलंय. हे पुढचं लिहायला लाज वाटते, पण तेच लिहायला पाहिजे, कारण तेच कुणी सांगत न्हाई. लघवी आली की आली, थांबायची न्हाई. एका हळदीच्या कार्यक्रमात मी माईक धरलेला असतानाच पँट भिजली. मी शेजारचा पाण्याचा जग अंगावर ओतून घेतला आणि नाचायला लागलो. लोकांना वाटलं जोशात हाय. त्याच कार्यक्रमात नवरीचं नाव विसरलो, आणि तिच्या जागी तिच्या थोरल्या बहिणीचं घेतलं. मालक माणूस चांगला, काही बोलला न्हाई. पण दुसऱ्या दिवसापासनं माझ्या हातात माईकच्या जागी वायरीचं वेटोळं आलं.

कापूरहोळच्या एका डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. भोरात चष्मा झाला. माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या सासूनं उतारा टाकला. पट्टा, चष्मा आणि ती चाल, असा मी दिसायला लागलो की पोरं म्हणायची, आता मात्र हेडमास्तरच.

एका सकाळी आबा दारात खाकरले. मी भिंतीला धरत धरत कुडामागं जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं, “चंद्रे” म्हणलं, आणि पुढचं काय ते आठवंना. रोजचं बोलणं, झोपेत पण म्हणलं असतं. परत म्हणलं. आवाज निघाला, पण तो बाईचा पातळ आवाज होता, आईचा न्हवता. तिचं ते लांबवणं, मधीच हसणं, काहीच न्हाई. चंद्रीनं कान टवकारले, जरा वेळ वाट बघितली, आणि कान पाडले. आबा रिकामी चरवी घेऊन बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. एरवी त्या वेळेला आमी एकमेकांकडं बघत न्हाई.

“दवाखान्यात चल,” एवढंच म्हणले.

तिथवर सगळं गाव मला हसत होतं. एकटी चंद्री हसली न्हाई.

सगळ्यांचे पाय तेच

आमी एस.टी.नं भोरला गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई बसतात असं कळलं होतं. बाकावर दोघंतिघं ओळखीचे निघाले, मला बघूनच त्यांचे दात बाहेर. बाईंनी मला चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो तर दाराशी हशा. बाईंना वाटलं मी त्यांचा वेळ खातोय. म्हणल्या, नक्कल नका करू, नीट चाला.

आबा आयुष्यात डॉक्टरांपुढं कधी तोंड उघडत न्हाईत. त्या दिवशी उघडलं. म्हणले, “बाई, त्यो नकलाच करतो. पर ही त्याची नक्कल न्हाई.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणल्या, बरं, आता दुसऱ्या कुणाची करून दाखवा. मी हेडमास्तर काढले. छाती पुढं, हात मागं, नाकातला आवाज. चाललो. मग तलाठी काढला, खांदा पाडून. मग मांडवात येणारी नवरी. मान बदलली, हात बदलले, तोंड बदललं. पाय तेच. हेडमास्तर तसेच घासत चालले, तलाठी तसाच, नवरी तशीच. दारातलं हसणं कधी बंद झालं मला कळलं पण न्हाई. माझ्या ध्यानात आलं, की माझ्याजवळची सगळी माणसं एकाच पायांनी अडकलीत, आणि ते पाय कुणाचेच न्हाईत, माझेच हायत. तिथं मी पहिल्यांदा भ्यालो.

बाईंनी लघवीचं विचारलं. मी खाली बघितलं, आबांनी खिडकीकडं बघितलं. त्यांना ते ठाऊक न्हवतं. मग बाईंनी टेप घेऊन माझं डोकं मोजलं आणि विचारलं, लहानपणापासनं मोठं हाय का.

आबा म्हणले आमच्यात सगळ्यांची मोठीच असतात. पण मला आठवलं. शाळेत मला हंडा म्हणायचे. झेंडावंदनाच्या टोपीत माझं डोकं कधीच बसलं न्हाई. आई दरवर्षी बाजारातनं टोपी आणायची, पाठची शिवण उसवायची आणि मधी पांढऱ्या कापडाची पट्टी लावून द्यायची. टाके एवढे बारीक की कुणाला दिसायचे न्हाईत. टोपी डोक्यावर बसवून विचारायची, टोचत न्हाई ना डोस्क्याला? मी रडलो तर म्हणायची, तुज्यात दुसऱ्यांची डोकी बी ऱ्हायची हायत, जागा लागणारच. भोरच्या त्या खोलीत टेपचं गार टोक कपाळाला लागलं होतं आणि मला आईच्या दातात धरलेली सुई दिसत होती.

बाईंनी चिठ्ठी लिहून पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. म्हणल्या, आजच जा.

तुंबलेलं

आधी घरी कपडे घ्यायला गेलो, तर नाना दारात. त्यांनी त्यांची काठी माझ्या हातात दिली. म्हणले, चाल घेतलीस, आता ही बी घे, अर्धवट सोंग बरं दिसत न्हाई. आणि तोंड फिरवून गेले.

पुण्यात डोक्याचा मोठा फोटो काढला, एमआरआय. ज्यांना काढायचा असंल त्यांना सांगतो, दुखत काही न्हाई, पण नळकांडीत घालतात आणि आवाज लई. आधी खडी फोडायचं मशीन, मग न निघणारा ट्रॅक्टर, मग पिठाची गिरणी, मग परत खडी. हलायचं न्हाई म्हणून बजावलेलं. मी आत पडल्या पडल्या ते आवाज पाठ करत होतो. भीती वाटली की मी पाठ करतो. पण खरी भीती ही होती, की पुढचा आवाज आला की मागचा डोक्यातनं पुसला जात होता.

संध्याकाळी सर्जन साहेबांनी फोटो उजेडात धरून दाखवला. मेंदूच्या आत पाण्याच्या खोल्या असतात म्हणे. सगळ्यांच्याच असतात. पाणी रोज नवं तयार होतं आणि एका बारीक वाटेनं खाली उतरून जातं. माझी ती वाट जन्मापासनंच अरुंद. लहानपणी कवटी वाढून डोक्यानं सांभाळून घेतलं. आता सांभाळंना. मोठेपणी असं निघणं विरळ हाय, असं ते म्हणले. फोटोत मधी काळ्या खोल्या एवढ्या फुगलेल्या, की मेंदू कडेला गर्दीत उभा राहिल्यासारखा.

मी त्या फोटोकडं बघत राहिलो. यातल्या कुठल्या कोपऱ्यात आई हाय, हेच मी शोधत होतो.

आबांनी विचारलं, “म्हंजे खाचरात पाणी तुंबलंय. बांधाला मोरी पाडायची का?”

साहेब म्हणले, तसंच. कवटीला एक बारकं भोक पाडून, दुर्बीण आत घालून, खालच्या पडद्याला वाट करून द्यायची. कुणाला नळी बसवावी लागते, मला बहुतेक लागणार न्हाई. मग ते धोके सांगायला लागले. रक्तस्राव, ताप, पाडलेली वाट परत बुजणं. आणि क्वचित कधी आठवणीवर परिणाम.

मी विचारलं, “आवाजांची आठवण?”

त्यांना प्रश्न कळला न्हाई. आबांना कळला.

जुना सांगू का नवा

वॉर्डातला दिवस सिस्टरच्या आवाजावर चालतो. पहाटे दिवे, मग थर्मामीटर, मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं “संडास झाली का?” या प्रश्नाला लाजायचं न्हाई. चौथ्यांदा विचारल्यावर माणूस आपोआप निर्लज्ज होतो आणि ते बरंच असतं.

रोज सकाळी त्या माझं डोकं तपासायला प्रश्न विचारायच्या. नाव काय, कुठं आहात, गाव कुठलं, तालुका कुठला. मी म्हणलं, जुना सांगू का नवा? त्यांनी कागदावर लिहिलं, रुग्ण गोंधळलेला. ताईनं ते वाचलं आणि तिला हसू आवरंना. मग आबांना जाऊन सिस्टरना समजवावं लागलं, की बाई, तालुक्याचंच तसं हाय, प्वार त्या बाबतीत ठीक हाय.

ताईला शिवऱ्यात दिलीय. हायवेला घर. ती एक दिवस डबा घेऊन दवाखान्यात यायची आणि एक दिवस आमच्या घरी चंद्रीकडं जायची. आबा माझ्याजवळ. चंद्री तिला पण दाद देईना. ताई फोनवर सांगायची आणि आबा नुसतं हं म्हणायचे. तिचं नवऱ्याशी पण यावरनं वाजलं. तो म्हणत होता म्हैस विकून टाका, माणूस बघायचा का जनावर. चुकीचं काय बोलत न्हवता. आजारपणात घरातली माणसं एकमेकांवर चिडतात. ती वाईट झालेली नसतात, दमलेली असतात. हे तेव्हा कळत न्हाई.

तू ये

ऑपरेशनच्या सकाळी न्हावी आला आणि डोकं गोटा केलं. आरशात बघितलं तर हंडाच. मला विनोद करायचा होता, सुचला न्हाई. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

स्ट्रेचरची वाट बघत होतो. आबा खाटेच्या पायथ्याला बसलेले, हातात माझ्या चपला, कारण त्या कुठं ठेवायच्या ते त्यांना कळत न्हवतं. मी डोळे मिटून मनातल्या मनात आईचा आवाज लावायला बघत होतो. जाताना एकदा ऐकून जावं म्हणून. लागत न्हवता.

मी म्हणलं, “आबा, तिचा आवाज गेला तर?”

आबा चपलांवरची धूळ अंगठ्यानं पुसत बसले. मग म्हणले, “गेला तर गेला. तू ये.”

एवढंच. पण ते ऐकल्यावर मी स्ट्रेचरवर आपण होऊन सरकलो.

शिवऱ्यात

शुद्धीवर आलो तेव्हा पहिली जाणीव ही, की डोक्यावरचं पोतं न्हाई. टाके दुखत होते, घसा कोरडा, पण आत हलकं. काही दिवसांनी सिस्टरनी धरून उभं केलं. मी पाय उचलला आणि तो उचलला गेला. मी खाली बघत राहिलो. पाय भुईपासनं वर उचलतो यात बघण्यासारखं काही हाय, हे तुमाला ते बंद पडल्याशिवाय कळणार न्हाई.

लघवी ताब्यात आली. नावं परत यायला लागली, आधी जुनी, मग नवी. मी सिस्टरच्याच आवाजात “संडास झाली का?” म्हणून शेजारच्या खाटेवरच्या काकांना उठवलं, तेव्हा त्या म्हणल्या आता याला घरी सोडा.

तपासणीला पुण्याला जायला सोपं म्हणून मी ताईकडं शिवऱ्यात राहिलो. आबा गावी गेले, चंद्री आटत चालली होती म्हणून. डॉक्टरांनी मला आणि ताईला बजावलं होतं, की डोकं परत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, झोप आवरेना झाली, तर वाट बघायची न्हाई, सरळ यायचं, पाडलेली वाट बुजू शकते. हे वाक्य ज्याच्या त्याच्या घरी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं हाय. आणखी एक त्यांनी सांगितलं, की म्हाताऱ्या माणसांना पण डोक्यात पाणी साठून अशी चाल होते आणि लोक ते वय म्हणून सोडून देतात. मी लगेच नानांना फोन लावला. त्यांनी मुलाला घेऊन पुण्याला जाऊन डोक्याचा फोटो काढला. त्यांच्या डोक्यात पाणी निघालं न्हाई, गुडघे निघाले. नाना जरा नाराजच झाले, एवढ्या लांब जाऊन गुडघेच.

ताईच्या घरी मोरीचं दार लावून मी नकला तपासल्या. कंडक्टर आला. तलाठी आला, पायासकट आला. हेडमास्तर आले. आईला मात्र मी शेवटी ठेवलं होतं. म्हणलं, “चंद्रे.” ताईसारखा आवाज निघाला. परत म्हणलं, परत ताईच. रोज त्याच आवाजात राहून माझा गळा तिकडं वळला होता, का मधलं काही खरंच पुसलं गेलं होतं, मला सांगता येत न्हवतं. बाहेरनं ताई म्हणली, मला हाक मारली का? मी न्हाई म्हणलं आणि नळ सोडला.

आबांना फोन केला की मी एकच विचारायचो, चंद्री दूध देते का.

“देती.”

कशी काय?

“देती म्हंजे देती.”

मला बरं वाटायला पाहिजे होतं. खरं सांगतो, वाटलं न्हाई. माझ्याशिवाय जर ती पान्हवत असंल, तर तिला आई लागत न्हवती, नुसता माणूस लागत होता. मग मी इतकी वर्षं कुडामागं उभा राहून काय करत होतो, असं वाटून गेलं.

घरी

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हणल्यावर मी कुणाला न सांगता निघालो. नसरापुरातनं वेल्ह्याची एस.टी. पकडली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं उतरताना मला नीट बघितलं, चाल बघितली आणि म्हणला, ही कुणाची? मी म्हणलं, माझीच.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दार उघडं, घरात कुणी न्हाई. गोठ्यातनं बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं शेजारची कुणी म्हातारी आलीय. मी कुडापाशी गेलो आणि थांबलो.

आत आबा धारेला बसले होते. एकटेच. त्यांच्या त्या जाड्या, तंबाखूच्या गळ्यातनं बारीक आवाज काढत होते, आणि तो मधी मधी फाटत होता. नक्कल लई वाईट होती. माईकवर कुणी असली केली असती तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या.

“ह्या माणसाला कदी ग्वाड बोलाया येतंय का, चंद्रे?” आबा म्हणत होते. “इतकी साल झाली, भाजी बरी झाली म्हणून तोंडातनं एक सबूद न्हाई. तुज्याशी तरी बोलतंय का गं? सोड, सोड माजे बाय. तुज्या-माज्यात सांगते, मनानं वाईट न्हाई त्यो.”

हे माझ्या नकलेत न्हवतं. आई असं बोलायची हे मला ठाऊकच न्हवतं. मी उठायच्या आधी, पहाटे ती धारेला आणि ते वैरण टाकायला, तेव्हा ती त्यांच्या देखत त्यांच्याच तक्रारी म्हशीला सांगत असणार. आणि ते ऐकून घेत असणार. सगळं पाठ होतं त्यांना. लांबवणं, मधीच हसणं, सगळं जागच्या जागी होतं, फक्त गळा दुसऱ्याचा होता. चरवीत धार वाजत होती.

मी हललो असेन. आबांनी वळून बघितलं न्हाई. हात पण थांबला न्हाई. त्याच आवाजात, तसाच फाटका, ते म्हणले, “आलास व्हय रं? टोचत न्हाई ना डोस्क्याला? चूल पेटीव, मी आलेच.”

इतकी वर्षं तो आवाज माझ्याच गळ्यातनं गेला होता. त्या आवाजात मला कुणी हाक मारली न्हवती.

“न्हाई टोचत,” मी म्हणलं, आणि चूल पेटवायला गेलो.